सकाळी बोटं वळायला लागलेला वेळ

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, हे ज्याला झालेलं नाही त्याला सांगून कळत नाही. मी पुष्कळांना सांगून पाहिलं. भावाला सांगितलं, तो म्हणाला, "थंडीनं असंल." शाळेतल्या मोठ्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "आमच्याही कंबरेत भरतं हो मधूनमधून." मग मी सांगणं सोडून दिलं. पहाटे उठायचं, अंथरुणावर बसून दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि ते आपले होण्याची वाट बघायची. कधी अर्धा तास, कधी दीड तास. तोवर ना केस विंचरता येत, ना लुगड्याची गाठ मारता येत. तांब्या उचलायचा तर दोन्ही मनगटांत धरून.

मी आळ्याची. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि अठराव्या वर्षी बोटांचे सांधे सुजायला लागले. सासरी भाकरी थापता येईना, हंडा उचलता येईना. सहा महिने त्यांनी बिब्बे घातले, निरगुडीचा पाला शेकून बांधला, आणि एक दिवस सासऱ्यांनी मला बैलगाडीत बसवून माहेरी आणून सोडलं. "बरी झाली की कळवा," एवढंच म्हणाले आणि पाणीसुद्धा न पिता परत फिरले. मी काही बरी झाले नाही आणि त्यांनी वर्षाच्या आत मुलाचं दुसरं लग्न लावलं. बिब्ब्याचे डाग अजून माझ्या मनगटावर आहेत. त्या माणसांचा मला आजही राग येतो, आणि तो मी मुद्दाम घालवलेला नाही.

भाऊ वाईट नव्हता. वहिनीही वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पण पावणे आले की ओसरीवर वहिनी त्यांच्यादेखत माझी भाकरी कुसकरून ताटात ठेवायची. "वन्संला तोडता येत न्हाई ना," असं हळू आवाजात सांगायची, आणि पावणे माझ्याकडे बघून च्‌ च्‌ करायचे.  त्या ओसरीवरून सुटायचं म्हणून मी सातवीच्या फायनलची परीक्षा दिली, ट्रेनिंग केलं आणि जुन्नरच्या मुलींच्या शाळेत लागले. स्वराज्य येऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. मी तिशीच्या आतबाहेर होते आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खोलीला आतून कडी होती.

खोली गावाच्या कडेला, कागदी लोकांच्या वस्तीला लागून. एकच दार, एकच खिडकी आणि मागे परस. परसाची भिंत एका ठिकाणी ढासळून कमरेइतकी उरली होती. त्या भिंतीपलीकडे चाची राहत असे. तिच्या घरात हाती कागद करण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. नवरा वारला होता, मुलगा मुंबईला गिरणीत होता, आणि धंदा आता दिराकडे होता, तोही जेमतेम. चाचीचं काम कागद घोटायचं. वाळलेला कागद फळीवर पसरून गुळगुळीत दगडानं घासत राहायचं, तकाकी येईपर्यंत. दिवसभर तो घस्‌ घस्‌ आवाज माझ्या परसात यायचा.

एके दिवशी सकाळी तो आवाज आलाच नाही. मी भिंतीवरून डोकावले तर चाची दगड मांडीवर घेऊन नुसती बसलेली. मी तिच्या हातांकडे पाहिलं आणि मला काही विचारावं लागलं नाही. बोटांची मधली पेरं सुजून लकाकत होती. मी माझे हात भिंतीवर ठेवले. तिनं ते पाहिले.

"आगं बया," ती म्हणाली, "तुजं बी?"

एवढ्यावर आमची ओळख झाली. माझ्याशी जुन्नरात कुणी फारसं बोलत नसे. नवऱ्यानं टाकलेली, एकटी राहणारी मास्तरीण म्हटल्यावर बायका तोंडापुरतं बोलत आणि पुरुष तर नकोच. चाची मात्र भिंतीला टेकून खुशाल तासभर बोलायची. पन्नाशीची असेल. दात पडलेले, तोंड फटकळ, आणि हसायला लागली की डोळ्यांतून पाणी. ती मला "मास्तरणी" म्हणायची. भिंतीवरून वाटी यायची. कधी लिंबाच्या फोडी, कधी शेंगा, ईदेला वाळक्या शेवया. शिजवलेलं देत नसे, कारण मी घेणार नाही हे तिला न सांगता ठाऊक होतं. मीही वाटी रिकामी परत करत नसे. रिकामी वाटी परत करायची नसते, हे आमच्याकडेही आणि त्यांच्याकडेही तितकंच. थोडा गूळ, नाहीतर मूठभर तीळ, काहीतरी घालूनच ती भिंतीपलीकडे जायची.

त्या वर्षी आषाढात दवाखान्यात पुण्याचे एक डॉक्टर यायला लागले. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, एस.टी.नं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं की ते सांध्यांच्या आजाराचा अभ्यास करताहेत, ज्यांचे हातपाय सुजतात त्यांनी यावं. मी चाचीला घेऊन गेले. तिथं पंधरावीस माणसं बसली होती. घोडेगावाकडून काठी टेकत आलेला एक म्हातारा होता, एक तरणीताठी बाई होती, तिला नवऱ्यानं उचलून आणलं होतं. मी जन्मात पहिल्यांदा माझ्यासारखे इतके हात एका खोलीत पाहिले. मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

डॉक्टर तरुण होते. चष्मा, बारीक आवाज, पुणेरी बोलणं. त्यांच्याकडे रक्तदाब बघायच्या यंत्राची रबरी पिशवी होती. ती गुंडाळून हातात द्यायचे आणि म्हणायचे, "दाबा, जेवढा जोर आहे तेवढं दाबा." पारा किती चढतो ते लिहून घ्यायचे. सराफाकडे असतात तशा मापाच्या अंगठ्या एका तारेत ओवलेल्या होत्या. एकेक अंगठी बोटाच्या सुजलेल्या पेरावरून जाते का ते बघायचे. चाची म्हणाली, "डॉक्टर, सोन्याची असंल तर ऱ्हाऊ द्या की एक बोटात." डॉक्टर लाजले. मग रक्त काढून, ते किती खाली बसतं ते बघायला काचेच्या बारीक नळीत उभं करून ठेवलं आणि आम्हाला प्रत्येकाला एकेक बाटली दिली. बाटलीवर नाव नाही, नुसता आकडा.

"रोज सकाळी एक, संध्याकाळी एक," ते म्हणाले. "काही बाटल्यांत नवं औषध आहे, काहींत नुसती निरुपद्रवी पूड आहे. कुणाला कुठली मिळाली ते मलाही माहीत नाही. त्याची यादी पुण्यात बंद पाकिटात आहे."

"काय म्हंता!" चाची म्हणाली. "डॉक्टरला ठावं न्हाई आनि आमी खायच्या?"

सगळे हसले. डॉक्टरांनी मात्र गंभीर होऊन आम्हाला समजावलं. तीन महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत. आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, दुसऱ्याची आपण घ्यायची नाही. तसं झालं तर नाव काढून टाकावं लागेल. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मग एकेक छापील तक्ता दिला. रोजच्या रकान्यात लिहायचं: सकाळी उठल्यावर बोटं वळायला किती वेळ लागला.

चाचीला लिहिता येत नव्हतं. तिचा तक्ता मी भरायची असं ठरलं. शाळेत जायच्या आधी मी भिंतीपाशी उभी राहून विचारायची, "आज किती वेळ?" तिच्याकडे घड्याळ नव्हतं. "चुलीवर पानी उकळंस्तोवर," असं सांगायची. नाहीतर, "दीर नमाज पढून आला तवा कुठं बोटं हलली." मी त्याची मिनिटं करून लिहायची. माझ्याकडे गजराचं घड्याळ होतं, त्यामुळे माझा रकाना बरोबर असायचा. मला त्या तक्त्याचा फार अभिमान होता, काय सांगू. चाची एकदोनदा म्हणाली, "डॉक्टर येवढा पुन्याहून येतोय, लिही की बरं हाय म्हनून. त्याला बी बरं वाटंल." मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. आहे ते लिहीन. मी मास्तरीण आहे. चाची म्हणाली, "बरं गं बाई, तापू नको."

पहिल्या महिन्यात चाचीच्या रकान्यातले आकडे उतरायला लागले. सव्वा तासाचा पाऊण तास झाला, मग अर्धा, मग वीस मिनिटं. पावसाळ्याचे दिवस, हवेत ओल, आणि पलीकडून घोटायचा आवाज सकाळी सकाळीच सुरू होऊ लागला. माझ्या रकान्यात काही फरक पडला नाही. उलट एखादा दिवस वाढलाच. दुसऱ्या वेळी डॉक्टर आले तेव्हा चाचीनं पिशवी दाबली आणि पारा असा वर गेला की डॉक्टरांचा चेहरा फुलला. माझ्या वेळी त्यांनी नुसता आकडा लिहून घेतला.

परत येताना चाची म्हणाली, "तुज्या बाटलीत काय बी न्हाई."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. रागानं म्हटलं. तिच्यावर राग नव्हता, पण तीच शेजारी होती.

माझी पंचाईत काय होती ते सांगते. शाळेत फळ्यावर लिहायला लागतं. खडू धरायचा म्हणजे तीन बोटं जुळायला हवीत. माझी जुळत नव्हती. मी मुठीत खडू धरून लिहायची आणि अक्षर असं जायचं की पहिलीतल्या मुली हसायच्या. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या काही दुष्ट नव्हत्या. म्हणाल्या, "दसऱ्याच्या आधी तपासनीस येणार आहेत. ते नव्या शिक्षिकांचा पाठ बघतात. हे असं अक्षर बघितलं तर मला काही करता येणार नाही हो. तुम्ही घरी जाऊन विश्रांती घ्या, असं तेच म्हणतील." घरी म्हणजे आळ्याला. त्या ओसरीवर. कुसकरलेल्या भाकरीपाशी. त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी दाराला कडी लावली आणि नुसती बसून राहिले. चूल पेटवली नाही.

हे मी चाचीला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? ती ऐकून घेऊन घरात गेली. थोड्या वेळानं भिंतीवर वाटी ठेवली. वाटीत एक गोळी होती.

"संध्याकाळची," ती म्हणाली. "सकाळची मी घेतलीया. येवढी तू घे."

मी नको म्हटलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरला फळ्यावर लिवायचं न्हाई. मला पुरतंय एका गोळीत. घे म्हंते ना." आणि तिनं आतून पेला भरून आणला. मी त्या घरचं पाणी तोवर कधी प्यायले नव्हते. त्या दिवशी प्यायले.

मग वाटी परत करायची होती. तीत काय घालावं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या बाटलीतली संध्याकाळची गोळी तीत टाकून दिली. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं. गोळ्या दिसायला सारख्याच. दोघींच्या बाटल्यांत उरलेल्या गोळ्याही बरोबर राहणार, डॉक्टरांनी पाहिलं तरी कळणार नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिची गोळी इकडे आणि माझी तिकडे, वाटीतून.

पंधरा दिवसांत माझी मूठ वळायला लागली. पुरती नव्हे, पण खडू तीन बोटांत धरता येऊ लागला. पहिल्या दिवशी मी फळ्यावर तारीख लिहिली आणि मुलींकडे पाठ करून तशीच उभी राहिले, कारण चेहरा आवरत नव्हता. तपासनीस आले. मी "कुकडी नदी" हा पाठ घेतला, फळ्यावर नकाशा काढला, नावं लिहिली. ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे बाईंचं." मोठ्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. मी शाळा सुटल्याबरोबर धावत घरी आले आणि भिंतीपाशी उभी राहून चाचीला हाका मारल्या.

ती बाहेर आली तेव्हा हळू चालत होती. मला ते दिसलं. तिच्या तक्त्यात वीस मिनिटांची पुन्हा पस्तीस झाली होती, मग पन्नास. तो आकडा मीच रोज लिहीत होते. माझ्या रकान्यात उतरता आणि तिच्या रकान्यात चढता. दोन्ही खरे. एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही. मी एकदा म्हटलं, "चाची, आता पुरे. तुमच्या तुम्ही घ्या." ती म्हणाली, "पाऊस थांबला की माजं आपसूक उतरंल. तुजी नोकरी पक्की होऊ दे." मी पुन्हा म्हटलं नाही. मला तिचा नकारच हवा होता आणि तिनं तो दिला.

मधल्या खेपेला पुरानं रस्ता बंद होता म्हणून डॉक्टर आले नव्हते. दिवाळीच्या आधीच्या बाजाराला ते शेवटच्या तपासणीला आले. आम्ही दोघी एकदमच आत गेलो, कारण तक्ते वाचून दाखवायला मी लागायची. डॉक्टरांनी अंगठ्या घातल्या, पिशवी दाबून घेतली. माझा पारा पाहून म्हणाले, "वा, बाई!" चाचीचा पाहून त्यांनी तिला पिशवी पुन्हा दाबायला लावली. त्यांनी दोन्ही तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"मावशी, पहिल्या महिन्यात तुमचं इतकं छान होतं," ते म्हणाले. "मग असं उतरलं कसं? गोळ्या रोज घेतल्या ना? आपापल्याच घेतल्या ना दोघींनी?"

 चाचीनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, डोळ्यांनी काही खुणावलं नाही. मला माझ्या भावाची ओसरी दिसली. नाव काढून टाकावं लागेल, हे वाक्य ऐकू आलं.

"हो," मी म्हणाले.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

डॉक्टर चाचीकडे वळले. ती म्हणाली, "बाई म्हनत्यात तसंच."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मग म्हणाले की पाकीट उघडायला अजून वेळ आहे, दुसऱ्या गावांची माणसं व्हायची आहेत. तोवर ज्यांना गुण आला त्यांच्या त्याच गोळ्या चालू ठेवू, ज्यांना नाही आला त्यांच्या बंद करू, उगाच पोटाला त्रास नको. मला माझ्या आकड्याची नवी बाटली मिळाली आणि महिन्यानं पुन्हा दाखवायला सांगितलं. चाचीची बाटली, तळाशी आठदहा गोळ्या होत्या त्यांच्यासकट, त्यांनी परत घेतली.

 परसाशी आल्यावर मी म्हटलं, "चाची, माझ्यातल्या आपण दोघी घेऊ." बोलायला काही नव्हतं म्हणून बोलले.

"तुज्या बाटलीत काय हाय ते दोघींना ठावं हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

झालं तसंच. महिना सरायच्या आत माझी बोटं पुन्हा सुजली. तक्ता भरायचा आता नव्हता, तरी घड्याळ कळत होतं. चाचीचं तर फारच झालं. गुडघेही धरले. दगड हातातून निसटून दोनदा कागद फाटला तेव्हा दिरानं तिच्याकडून काम काढून घेतलं. त्यालाही दोष देता येत नाही, त्याचं पोट त्यावर होतं. घोटायचा आवाज बंद झाला. मी भिंतीपाशी जायची, ती बाजेवर बसलेली दिसायची. विचारलेल्याला उत्तर द्यायची, आपणहून बोलायची नाही. वाटी आली नाही. मी पाठवली तर धुऊन, दोन चिंचा घालून परत यायची, पण तिच्या हातून नव्हे, दिराच्या बायकोच्या हातून.

डॉक्टरांचा पुण्याचा पत्ता माझ्याकडे होता. एक कार्ड टाकायचं, दोन ओळी लिहायच्या. मी तीनदा लिहायला बसले. हात दुखतोय म्हणून राहिलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं ते असं की मी भ्याले होते. आता जी काही फसवी बाटली आहे तीही जाईल, डॉक्टर माझ्या शाळेत कळवतील, मोठ्या बाई मला खोटारडी म्हणतील, असं काहीबाही मनात यायचं. शाळेत मी आजारी नसल्यासारखी वावरत होते आणि मुलींकडून फळा लिहून घेत होते.

दिरानं चाचीच्या मुलाला पत्र घातलं. तो न्यायला आला. तिला जायचं नव्हतं. मला दिराच्या बायकोनं सांगितलं की दोन दिवस ती जेवली नाही. मुंबईला तिसऱ्या मजल्यावर खोली, जिने चढायचे-उतरायचे, सुनेच्या हातानं खायचं. म्हणजे मला जे आळ्याला होतं तेच तिला मुंबईला होतं. माझं टळलं होतं आणि तिच्यावर आलं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, मागाहून नव्हे.

ती निघाली त्या दिवशी मी शाळेच्या आधी एस.टी.च्या स्टँडवर गेले. मुलगा तिकिटं काढायला गेला होता. चाची ट्रंकेवर बसली होती, हात पदराखाली. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "चाची, माझं चुकलं. मी डॉक्टरांना सांगायला पाहिजे होतं."

"त्या दिशी मी तुज्याकडं बघत व्हते," ती म्हणाली. "तू सांगशील म्हनून."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?" मी विचारलं. तेव्हासुद्धा मी भांडलेच.

"मी कसं सांगू? तुजी नोकरी मी घालवली असं झालं असतं. तुजं तूच सांगायचं व्हतं." आवाज चढवला नाही तिनं. "लई वाट बघितली मी, मास्तरणी."

मुलगा आला. गाडीची पायरी उंच होती. त्यानं आणि कंडक्टरनं तिला काखेत धरून वर घेतलं, आणि ती दुखून ओरडली. खिडकीशी बसल्यावर तिनं बाहेर पाहिलं नाही. गाडी नारायणगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मी उभी होते. मग मला शाळेला उशीर झाला आणि मोठ्या बाई बोलल्या.

त्यानंतर आठवड्यानं डॉक्टर आले. मी खुर्चीवर बसून हात पुढे केला. महिन्यापूर्वी गेलेली अंगठी पेरावर अडली. त्यांनी मोठी घेतली, तीही अडली. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. वाटी, संध्याकाळच्या गोळ्या, तक्ते, सगळं. सचोटीनं सांगितलं असं कुणाला वाटू नये. हात गेले होते म्हणून सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी टाक खाली ठेवला, पिशवीतून ते दोन तक्ते शोधून काढले आणि त्यांवर आडवी रेघ मारली.

"अहो बाई, त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होता, नाव काढून टाकाल."

"नाव अभ्यासाच्या कागदावरून काढलं असतं हो. आकडे चुकू नयेत म्हणून. औषध कशाला बंद केलं असतं? उलट औषध कुठल्या बाटलीत आहे ते तुम्हीच मला दाखवून दिलं असतं. दोघींनाही तीच दिली असती."

 डॉक्टरांनी चाचीच्या आकड्याची बाटली काढून मला दिली. तिचा मुंबईचा पत्ता मी दिराकडून आणून दिला, आणि तिथल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना पत्र लिहितो असं ते म्हणाले. त्यांनी लिहिलंही असेल. ती तिथवर गेली की नाही, तीन जिने उतरून कोण तिला नेणार होतं, मला कळलं नाही.

माझे हात सुधारले. पुरते कधीच नाहीत, पण नोकरी निभावली, जुन्नरातच निभावली. चाचीला मी मराठीत चार पत्रं टाकली, कुणीतरी वाचून दाखवील म्हणून. एकाचंही उत्तर आलं नाही. दिराला मात्र मुंबईची पत्रं येत. नातवाच्या हातची, पण मजकूर तिचा. दिराच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी असे, परसातल्या लिंबाची असे, वस्तीतल्या एकूणएक बायकांना सलाम असे. पत्र आल्याचं कळलं की मी त्या बुटक्या भिंतीपाशी जाऊन विचारायची, माझ्यासाठी काही आहे का. तो भला माणूस दर वेळी कागद पुन्हा उघडायचा, मागूनपुढून बघायचा, आणि म्हणायचा, "न्हाई बाई, तुमचं काही न्हाई."